सनईवाल्याचा मुलगा पाण्यात

आमच्या घराण्यात पाण्याशी कोणाचा फारसा संबंध आला नाही. आजोबा आणि वडील दोघेही बडोद्याच्या दरबारी नगारखान्यात सनई वाजवीत. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा वडील अकरा वर्षांचे होते आणि आजोबांच्या शेजारी बसून नुसता सूर धरीत असत. पुढेही राजवाड्यावरचे सणवार आणि लग्नमुंजी चालूच राहिल्या, त्यामुळे १९७१ च्या अखेरीस तनखे बंद होईपर्यंत वडिलांची चाकरी कशीबशी टिकली. त्यानंतर नऊ वर्षांनी माझा जन्म. दरबार मी पाहिला तो वडिलांच्या गोष्टींत आणि लाकडी पेटीत गुंडाळून ठेवलेल्या एका सनईत.

विश्वामित्री आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. पण तीत मगरी. बडोदेकरांना त्यांची ओळख करून द्यायला नको. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या आपल्या सोसायट्यांच्या फाटकापर्यंत आलेल्या आपण पाहिल्या आहेत. तेव्हा नदीत पोहण्याचा प्रश्नच नव्हता. मी पोहायला शिकलो ते गणदेवीला, मामांच्या शेतातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. विहिरीत पोहणारा मुलगा डोके पाण्याबाहेर ठेवतो, कारण पायऱ्या कोठे आहेत ते त्याला दिसायला हवे असते. ही एक सवय मोडायला मला पुढे दीड वर्ष लागले.

अशा घरातला मनुष्य बेचाळिसाव्या वर्षी गोव्याच्या समुद्रात शर्यतीला उतरतो आणि मुदत संपल्यामुळे बाद होऊन परत येतो, ही हकीकत सांस्कृतिक पानावर कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांनी थोडा धीर धरावा. हिच्यात सनई आहे, मेट्रोनोम आहे, दादराही आहे.

सुरुवात झाली ती आजाराने. एप्रिल २०२१ मध्ये मला करोनाने गाठले आणि अकरा दिवस प्राणवायूच्या नळीवर काढावे लागले. घरी आल्यावर आठवड्याने तंबोरा जुळवला, षड्ज लावला, आणि तो नऊ सेकंदांत तुटला. पूर्वी मी विद्यार्थ्यांसमोर घड्याळ ठेवून तीस सेकंद सूर धरून दाखवीत असे. त्यात थोडी बढाई होती हे कबूल करतो. परंतु गाणे शिकवणाऱ्याचे भांडवल तेवढेच. दांडिया बाजारातल्या माझ्या वर्गात मी दोन महिने पेटीवर सूर दाबून वेळ मारून नेली. मुले समजूतदार होती. त्यातल्या एका लहान मुलीने मात्र विचारलेच, "सर, आता तुम्ही म्हणून का नाही दाखवत?" त्या रात्री झोप आली नाही.

डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसे बरी आहेत, पण आळसावली आहेत. सावकाश पोहत जा." म्हणून तरणतलावावर जाऊ लागलो. सायकल मी जन्मभर चालवीत आलो आहे, कारण शिकवण्यांसाठी रावपुऱ्यापासून मांजलपूरपर्यंत हिंडावे लागे. तलावावर एक सायकलस्वारांचा घोळका भेटला. ही मंडळी रविवारी पहाटे पावागडच्या पायथ्यापर्यंत जाऊन येत. त्यांनी मला ट्रायथलॉनच्या नादाला लावले.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती नाही. या नावाची पहिली शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन दिएगो येथील मिशन बे या खाडीवर झाली. १९७८ मध्ये हवाईत तिचे लांब पल्ल्याचे रूप निघाले, त्याला आयर्नमॅन म्हणतात. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनला स्थान मिळाले. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ पासून तिचे अर्धे रूप भरते. त्यात १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. पोहणे ७० मिनिटांत आटोपले नाही तर पुढे जाऊ देत नाहीत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मी किनाऱ्याला लागलो तो ७४ मिनिटांनी. एका तरुण स्वयंसेवकाने मोठ्या अदबीने "काका, बसा" म्हणून खुर्ची दिली आणि वाकून माझ्या घोट्याची वेळ मोजणारी पट्टी सोडवली. सायकल तिकडे रांगेत उभी, तिला हातही लागला नाही. पत्नी किनाऱ्यावर उभी होती. तिने पंचा दिला आणि विचारले, "एवढा वेळ काय करत होता?" प्रश्न रास्त होता. सारा वेळ मी पाण्याशी झटत होतो. खारे पाणी प्यालो होतो, दोनदा दोरी धरून थांबलो होतो, आणि लाटेच्या पलीकडे काय आहे ते पाहण्यासाठी विहिरीतल्या मुलासारखे डोके वर काढून पोहत होतो.

बडोद्याला परतल्यावर तलावावरच्या एका प्रशिक्षिकेकडे गेलो. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. मला पाहताच ती हसली. मी ओळखले नाही, तिने ओळखले. नवव्या-दहाव्या वर्षी ती माझ्या वर्गात येत असे आणि दोन वर्षांनी मीच तिच्या वडिलांना सांगितले होते, की हिला दम नाही, हिचा वेळ दुसऱ्या कशात तरी घाला. वडिलांनी तिला पोहायला घातले. पुढे ती राज्य पातळीवर पोहली.

"सर, पाण्यात उतरा आणि दोन फेऱ्या मारून दाखवा," ती म्हणाली. मी मारल्या. ती काठाने मोबाईल घेऊन चालत होती. बाहेर आल्यावर तिने चित्रफीत दाखवली. आपले ध्वनिमुद्रण प्रथम ऐकणाऱ्या गवयाची जी अवस्था होते, ती माझी झाली. मला वाटत होते की मी आडवा पोहतो. चित्रात मी जिना चढत होतो. डोके वर, कंबर खाली, पाय त्याहून खाली, आणि दर श्वासाला पाय कात्रीसारखे फाकत होते. २५ मीटरला ३८ हात आणि ५१ सेकंद लागले होते.

"आता काय करू?" मी विचारले.

"आता काही करू नका, सर. आधी जे करताय ते थांबवू या."

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात; म्हणजे वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट हवी. बेचाळिशीच्या संगीतशिक्षकाने आठपट ताकद कोठून आणावी? त्याने अडथळा कमी करावा, एवढाच मार्ग उरतो. छातीत हवा असल्यामुळे छाती तरंगते. मांड्या आणि पाय जड, ते बुडतात. माणूस पाण्यात तराजूच्या दांडीसारखा असतो. डोके उचलले की पाय खाली जातात आणि सारे शरीर पाण्याला आडव्या फळीसारखे अडते. डोके पाण्यात टेकवून तळाकडे पाहिले की पाय आपोआप वर येतात. पाय वर आणण्यासाठी पाय मारण्याची गरज नसते, ही गोष्ट मला इतक्या वर्षांत कोणी सांगितली नव्हती.

फ्रीस्टाइल म्हणून आज जी पद्धत चालते तिचा इतिहासही मजेचा आहे. १८४४ मध्ये उत्तर अमेरिकेच्या दोन मूलनिवासी पोहणाऱ्यांनी लंडनमध्ये हात पाण्यावरून फेकत पोहून दाखवले. साहेबाला त्यातले पाणी उडवणे असभ्य वाटले आणि तो आपल्या बेडूकचालीवरच राहिला. पुढे १८७३ च्या सुमारास ट्रजन नावाच्या इंग्रजाने हातांची ही तऱ्हा विलायतेत रुजवली. पण त्याचे डोके पाण्यावर आणि पाय कात्रीसारखे. ते पाय सुधारून क्रॉल आकारास आला तो ऑस्ट्रेलियात, विसाव्या शतकाच्या तोंडाशी. गणदेवीच्या विहिरीत मी जे शिकलो ते ट्रजनचे पोहणे होते, असे माझ्या बाईंचे मत पडले. (हो, तलावावर मी तिला "बाई" म्हणू लागलो होतो. तिला ते आवडत नसे.)

पहिला महिना नुसता श्वास. येथे मला वडील आठवले. सनईत श्वास घेण्याला फार महत्त्व नाही, सारी करामत सोडण्यात. वडील मला लहानपणी मेणबत्तीसमोर बसवीत. फुंकर अशी सोडायची की ज्योत कलली पाहिजे, पण फडफडता कामा नये आणि विझता तर मुळीच नये. मी सनई शिकलो नाही, गळ्याकडे वळलो. ती गोष्ट वडिलांना लागली होती, पण ते बोलले नाहीत. मेणबत्तीचा धडा मात्र कोठेतरी शिल्लक होता. पाण्यात मी श्वास कोंडून ठेवीत होतो. तोंड बाहेर काढल्यावर त्या अर्ध्या सेकंदात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा असा दुहेरी उद्योग करीत होतो. साहजिकच दोन्ही अर्धवट. छातीत जी तगमग होते, ती प्राणवायू संपल्यामुळे होते असे आपण समजतो. वस्तुतः ती बहुतांशी कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे होते. तोंड पाण्यात असेपर्यंत नाकातोंडाने बुडबुडे सतत आणि सावकाश सोडत राहिले की तोंड वळवल्यावर फक्त घेणे उरते, आणि ते आपोआप होते. बाई म्हणाल्या, "बुडबुडे तुटता कामा नयेत." वडिलांनी वेगळे काय सांगितले होते?

श्वासासाठी डोके उचलायचेही नसते. चालत्या डोक्यापुढे पाण्याची लाट उठते आणि तिच्या मागे गालाजवळ एक खळगा पडतो. अंगाबरोबर डोके कुशीवर वळवायचे, एक चष्मा पाण्यात आणि एक बाहेर, आणि त्या खळग्यातून हवा उचलायची. पाण्याच्या पातळीखालून श्वास घेता येतो हे पहिल्यांदा साधले त्या सकाळी मी वर्गात उशिरा पोचलो. पाण्यातून निघवेना.

श्वास दर तिसऱ्या हाताला, म्हणजे एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मी लगेच त्याचा ताल बसवू लागलो. त्रितालाच्या सोळा मात्रांत तीन-तीनचे गट बसत नाहीत. समेवर श्वास यायला ४८ हात लागतात. तो हिशेब करता करता मी भिंतीवर डोके आपटले. मग दादरा घेतला: धा धी ना, धा ती ना. पहिल्या धा ला उजवा श्वास, दुसऱ्या धा ला डावा. सहा मात्रांत आवर्तन पुरे. तेव्हापासून आजतागायत मी दादऱ्यातच पोहतो.

त्यानंतर हात. येथे मजकडून सर्वांत जास्त चुका झाल्या. मी हात पाण्यात घालून खाली दाबीत असे. खाली दाबले की छाती वर येते, छाती वर आली की पाय खाली; म्हणजे पहिला धडा वाया. पुढे जायचे असेल तर पाणी मागे सारायला हवे. त्यासाठी हात पुढे लांबवल्यावर कोपर उंच ठेवून पुढचा बाहू खाली वळवायचा, बोटे तळाकडे, आणि तळव्यापासून कोपरापर्यंतचा सारा भाग एखाद्या वल्ह्यासारखा मागे आणायचा. नवखा विद्यार्थी पेटीचा भाता जोराने हाणतो, हवा फुकट जाते आणि सूर थरथरतो. कसलेला वादक भाता हलकेच दाबून धरतो, दाब तुटू देत नाही. पाणीही तसेच धरावे लागते. घाईने ओढले की ते हातातून निसटते. हे कळायला एक दिवस लागला आणि खांद्याला जमायला आठ महिने. शिवाय माझा डावा हात पाण्यात शिरताना डोक्यासमोरची मध्यरेषा ओलांडून उजवीकडे जाई, त्यामुळे मी सापासारखा वळवळत होतो. तो दोष पूर्ण गेलेला नाही.

पायांविषयी फार सांगत नाही. लांब पल्ल्यात पुढे नेण्याचे काम मुख्यतः हात करतात, आणि पुढे सायकल व धावणे असल्याने ट्रायथलॉनवाल्याला पाय राखूनच ठेवावे लागतात. एका हाताला एक लाथ पुरते. ती कमरेतून हलकी, गुडघ्यातून सायकल हाणल्यासारखी नव्हे. धावणाऱ्यांचे घोटे ताठर असतात आणि पाऊल मागे लांबत नाही. ताठ पाऊल पाण्यात नांगराचे काम करते. माझे घोटे बरे निघाले. वज्रासनात बसून तंबोरा छेडण्याचा एवढा एक फायदा झाला.

२०२३ च्या दिवाळीपर्यंत मी २५ मीटरला ३८ वरून २० हातांवर आलो. मला भलतीच घमेंड चढली. अलेक्झांडर पोपोव्हविषयी वाचले होते. १९९२ च्या बार्सिलोना आणि १९९६ च्या अटलांटा अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये त्याने ५० व १०० मीटर फ्रीस्टाइलची सुवर्णपदके जिंकली, आणि त्याचे गुरू तुरेत्स्की त्याच्याकडून सरावात सावकाश, पण निर्दोष पोहण्याचा रियाज करून घेत. विलंबित गाणाऱ्याला याहून गोड वार्ता कोणती? मी एकेक हात पुढे लांबवून तसाच सरपटत राहू लागलो. पाण्यात अगदी बडा ख्याल.

बाईंनी घड्याळ दाखवले. २० हात, ४५ सेकंद. मधे कधीतरी २६ हातांत मी ४२ सेकंदांवर आलो होतो. हात कमी झाले आणि वेग उलट घसरला होता!

"सर, तुम्ही प्रत्येक हातानंतर थांबता. तेवढ्यात वेग मरतो, आणि पुढच्या हाताने तो पुन्हा जिवंत करावा लागतो. पोपोव्ह सहा फूट सहा इंच उंच आहे. तुम्ही किती?"

मी पाच फूट पाच.

मग तिने मला दुसऱ्या घराण्याची गोष्ट सांगितली. पोहण्यातही घराणी आहेत, याचे मला फार बरे वाटले. जॅनेट इव्हान्स ही ठेंगणी, सडपातळ अमेरिकन मुलगी. तिचे हात सरळ, पवनचक्कीसारखे भराभर फिरत. पाठ्यपुस्तकातली सगळी वळणे तिने मोडली होती. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तिने तीन सुवर्णपदके जिंकली, आणि १९८९ मध्ये केलेला तिचा ८०० मीटरचा जागतिक विक्रम २००८ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. वेग म्हणजे एका हातात कापलेले अंतर गुणिले हातांची लय. दोहोंपैकी एक धरून दुसरे सोडले तर हिशेब जुळत नाही. त्यातून समुद्रात लाटा असतात. लांब सरपटणाऱ्याला लाट मधेच अडवते. जलद, आखूड हात मारणारा तिच्यातून निघून जातो. ग्वाल्हेरच्या गायकीने किराण्याचे गाणे गाऊ नये, असे वडील म्हणत. आपला गळा ओळखून घराणे धरावे.

यानंतर मेट्रोनोम आला. टोपीखाली कानाजवळ ठेवायचे एक बटणाएवढे यंत्र मिळते, ते पाण्यात टिकटिक करते. प्रत्येक टिकेला एक हात. मी वर्गात मुलांना मेट्रोनोमवर गाऊ देत नाही. लय माणसाच्या आत असावी, यंत्रात नव्हे, हे माझे ठाम मत. पाण्यात मात्र हे मत गिळले. त्या थांबण्याच्या सवयीने माझी लय मिनिटाला अवघ्या ३० हातांवर आली होती. बाईंनी तेथून धरून दर पंधरवड्याला दोन टिका वाढवल्या. अट एवढीच, की पाण्यावरची पकड सुटली तर पुन्हा मागच्या लयीवर. आपण पलटे बसवतो तेव्हा याहून निराळे काय करतो? ठाय, मग थोडी बढत, सूर फिसकटला की परत ठाय. ४८ वर पोचलो तेव्हा २५ मीटरला २७ हात लागत होते आणि ३८ सेकंद. तेवढ्यावर ठरलो.

प्रगती मोजण्याची एक साधी रीत तिने शिकवली, ती हौशी पोहणाऱ्यांना उपयोगी पडेल. एके दिवशी ४०० मीटर आणि पुरेशी विश्रांती घेऊन २०० मीटर, दोन्ही जिवाच्या कराराने पोहायचे. मोठ्या वेळेतून छोटी वजा करायची आणि निम्मी करायची. आलेला आकडा म्हणजे आपण फार वेळ टिकवू शकू असा १०० मीटरचा वेग. जानेवारी २०२३ मध्ये माझे ४०० मीटर १३ मिनिटांत आणि २०० मीटर ६ मिनिटे १० सेकंदांत झाले, म्हणजे शंभराला ३ मिनिटे २५ सेकंद. सप्टेंबर २०२४ मध्ये ९ मिनिटे ४० सेकंद आणि ४ मिनिटे ३८ सेकंद. शंभराला २ मिनिटे ३१ सेकंद. त्या आकड्यावर आठवड्यातून एकदा शंभराच्या दहा खेपा, मधे वीस सेकंद उसंत. पहिली खेप आणि दहावी खेप एकाच वेळेत यायला हवी. पहिली जलद मारणाऱ्यास बाई शाबासकी देत नसत, रागावत. पूर्वी मी हिच्यावर असाच रागावत असे: आलापाच्या सुरुवातीलाच तानेकडे धावते म्हणून.

एका गुरुवारी मी तिला ते बोलून दाखवले. म्हटले, "तुझ्या वडिलांना मी जे सांगितले ते घाईचे होते. दम नाही म्हटले, पण दम शिकवायचा असतो, तो मी शिकवला नाही." ती थोडा वेळ पायाने पाणी ढवळत राहिली. मग म्हणाली, "मी तेव्हा महिनाभर रडले होते, सर. चला, उरलेल्या चार खेपा."

समुद्राची तयारी वेगळी. तलावाच्या तळाशी रेघ असते, समुद्रात नसते. सरळ जायचे तर अधूनमधून पुढची खूण पाहावी लागते. माझे विहिरीतले पोहणे नेमके येथे परत उफाळून येई. पाहण्यासाठी डोके वर, की पाय खाली आणि सगळी मेहनत पाण्यात. यावरची युक्ती अशी, की फक्त डोळे पाण्यावर आणायचे, नाक-तोंड आतच; खूण दिसली की लगेच कुशीवर वळून श्वास. विलायतेत या युक्तीला मगरीचे डोळे म्हणतात. हे ऐकून मी विश्वामित्रीच्या पुलावर अर्धा तास उभा राहिलो. पाण्यात एक काळसर ओंडका, त्यावर दोन उंचवटे. बाकी सारा देह पाण्याखाली निश्चल. पाहणे तर चालू आहे, पण श्रम काहीच नाहीत. जन्मभर त्या पुलावरून गेलो, पण शिकण्यासारखे तेथे काही असेल असे कधी वाटले नव्हते.

२७ ऑक्टोबर २०२४ रोजी पुन्हा मिरामार. आरंभी छाती धडधडली, पहिल्या दोनशे मीटरांत मागच्या वेळची दोरी दिसली आणि हात तिच्याकडे वळलाही. मी तोंड पाण्यात घातले आणि बुडबुडे सोडू लागलो. तुटू द्यायचे नाहीत, एवढेच मनाशी. दहा-बारा बुडबुड्यांनंतर दादरा आपोआप सुरू झाला. मग एका पिवळ्या टोपीच्या माणसाची पावले समोर सापडली. पोहण्यात दुसऱ्याच्या मागे राहून त्याने फोडलेल्या पाण्याचा फायदा घेता येतो. सायकलीवर ते निषिद्ध आहे. निम्मे अंतर मी त्या अनोळखी गृहस्थाच्या पायांमागे काढले. त्यांचे आभार मानायचे राहून गेले. किनाऱ्याला लागलो तेव्हा ५४ मिनिटे झाली होती. सायकल आणि धावणे उन्हात कसे झाले ते सांगण्यासारखे नाही; मुदत होती साडेआठ तासांची, आणि मी तिच्या आत अगदी थोडक्यात शिरलो. पत्नी या खेपेस पंचा घेऊन आली नव्हती. ती म्हणाली, मागच्या वेळी अपशकुन झाला होता.

षड्ज आता सव्वीस सेकंद टिकतो. तिशीपर्यंत तो जाईल असे वाटत नाही, आणि मुलांसमोर घड्याळ ठेवणे मी बंद केले आहे. बाई दर बुधवारी संध्याकाळी वर्गात येऊन मागे बसतात. यमनचे आरोह-अवरोह चालले आहेत. निषाद अजून चढतो. गोव्याहून परतल्यावर मी मोठ्या अपेक्षेने तलावावर गेलो होतो आणि ५४ चा आकडा सांगितला होता. तिने मान डोलावली आणि मोबाईलवर काढलेली चित्रफीत पुढे केली.

"डावा हात अजून मध्यरेषा ओलांडतो, सर. सोमवारी सहाला या."